जानेवारीत ‘नको’, मार्चमध्ये ‘हवे’? गोवा १९६७ आणि माझी एक चूक



मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी बघू. प्रश्न हातात आहे, आकडेही हातात आहेत, आणि तरीही उत्तर चुकतं. कसं चुकतं, ते मी स्वतः चुकून शिकले. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

१६ जानेवारी १९६७. गोव्यातल्या मतदारांना एक प्रश्न विचारला गेला : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा? मतदारांनी विलीनीकरण नाकारलं.

२८ मार्च १९६७. मध्ये फक्त ७१ दिवस. त्याच गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी कोणाला निवडून दिलं? विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला. जानेवारीत ज्यांची मुख्य मागणी फेटाळली गेली, ते दयानंद बांदोडकर एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आता प्रामाणिकपणे सांगा, हे वाचून तुमच्या मनात पहिलं वाक्य कोणतं आलं? बहुतेक असं : “म्हणजे लोकांना भाऊसाहेब हवे होते, पण विलीनीकरण नको होतं.” किंवा असं : “दोन महिन्यांत लोकांचं मन बदललं.” दोन्ही वाक्यं छान वाटतात. दोन्ही मी कोर्सवर्कच्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये स्लाइडवर लिहिली होती. आणि दोन्हींसाठी माझ्याकडे पुरावा नव्हता.

पार्श्वभूमी, अगदी थोडक्यात

गोवा १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. दमण आणि दीवसह त्याचा केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा ३० जागांची : गोव्याच्या २८, दमणची १, दीवची १. पहिली निवडणूक डिसेंबर १९६३मध्ये झाली. काँग्रेसला गोव्यातल्या २८पैकी एकही जागा मिळाली नाही! स्वातंत्र्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, नेहरू पंतप्रधान असताना, ही गोष्ट साधी नव्हती. सत्ता मिळाली बांदोडकरांच्या मगोला आणि समोर विरोधात बसला डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष.

या दोन पक्षांमधली रेषा सरळ होती. मगोला महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं, युनायटेड गोवन्सला वेगळा गोवा. पण त्या रेषेखाली इतर बऱ्याच रेषा होत्या. भाटकार आणि मुंडकार, म्हणजे जमिनीचा मालक आणि त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे तिसवाडी-बार्देस-सासष्टी हे पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकात गेलेले भाग आणि पेडणे-सत्तरी-फोंड्यासारखे अठराव्या शतकात गेलेले भाग. मराठी आणि कोंकणी. हिंदू आणि ख्रिस्ती. उच्चवर्णीय आणि बहुजन. बांदोडकर स्वतः खाणमालक, पण बहुजन समाजातून आलेले, आणि त्यांचा मतदार प्रामुख्याने तोच समाज.

१९६५ साली गोवा विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्र विधानसभेनंही तसाच ठराव केला. म्हैसूर राज्यातून विरोध झाला. शेवटी केंद्रानं ठरवलं की लोकांनाच विचारू. डिसेंबर १९६६मध्ये संसदेनं त्यासाठी कायदा केला. आता अडचण अशी की कौल घ्यायचा तर सरकार कोणाचं? विलीनीकरणवाद्यांचंच! युनायटेड गोवन्सनं मागणी केली की सरकारनं आधी पायउतार व्हावं. बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ला राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागली.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मार्चच्या निवडणुकीत बांदोडकर हे ‘पदावरचे मुख्यमंत्री’ म्हणून उतरले असं आपण सहज म्हणतो. खरं तर तेव्हा ते जवळजवळ चार महिने पदावर नव्हते. त्यांच्या पाठीशी तीन वर्षांचं काम होतं, पण हातात सरकार नव्हतं.

कौलाची चिन्हं दोन होती. विलीनीकरणाला ‘फूल’, वेगळेपणाला ‘दोन पानं’. प्रचार जोरात झाला. आणि इथे एक गंमत बघा : विलीनीकरणाच्या विरोधातला एक मोठा आवाज मराठीतून येत होता! मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. उल्हास बुयांव गावोगावी गाणी गात फिरत होते. महाराष्ट्रात दारूबंदी होती, त्यामुळे माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचं पोट कसं भरणार, हा मुद्दा प्रचारात होता. सरकारी नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, ही भीतीही होती. म्हणजे फूल की पानं, हा निव्वळ भाषेचा किंवा धर्माचा प्रश्न राहिला नव्हता.

(जाता जाता : हा भारतातला एकमेव असा कौल होता, असं तुम्ही बऱ्याच ठिकाणी वाचाल. ते जपून लिहा. जुनागढमध्ये १९४८ साली आणि सिक्कीममध्ये १९७५ साली जनमत घेतलं गेलं होतं. ‘एकमेव’, ‘पहिला’, ‘सर्वात मोठा’ असे शब्द सिनॉप्सिसमध्ये दिसले की परीक्षक पेन्सिल उचलतात.)

आता आकडे

जनमत कौल, १६ जानेवारी १९६७, गोवा :
दोन पानं : १,७२,१९१
फूल : १,३८,१७०
बाद मतं : ७,२७२
एकूण मतदान : ३,१७,६३३, म्हणजे यादीतल्या मतदारांपैकी जवळजवळ ८२ टक्के

विधानसभा निवडणूक, २८ मार्च १९६७, गोवा-दमण-दीव :
मगो : १,११,११० मतं, ४०.४२ टक्के, जागा १६
युनायटेड गोवन्स (सिक्वेरा गट) : १,०४,४२६ मतं, ३७.९८ टक्के, जागा १२
अपक्ष : जागा २

माझ्या त्या प्रेझेंटेशनमध्ये मी यातला एकच आकडा दाखवला होता : जागा. १६ विरुद्ध १२. जानेवारीत हरले, मार्चमध्ये जिंकले. बाण खालून वर काढला होता, हिरव्या रंगाचा. मग गाइड मॅडमनी शांतपणे विचारलं, “मतं किती वाढली?”

मी मान खाली घालून वही चाळली. मतं वाढली नव्हतीच.

तुम्हीही बघा. जानेवारीत फुलाला १ लाख ३८ हजार मतं. मार्चमध्ये मगोला १ लाख ११ हजार. म्हणजे सुमारे २७ हजारांनी कमी. टक्केवारीत मोजलं तरी तेच : वैध मतांमध्ये फुलाचा वाटा ४४.५ टक्के होता, मगोचा ४०.४. ज्या निवडणुकीला आपण ‘पुनरागमन’ म्हणतो, तिच्यात जिंकणाऱ्या पक्षाला त्याच्या हरलेल्या मागणीपेक्षाही कमी मतं होती!

मग जिंकले कसे? समोरची बाजू जास्त घसरली म्हणून. दोन पानांना १ लाख ७२ हजार मतं होती. युनायटेड गोवन्सला मार्चमध्ये १ लाख ४ हजार. ६८ हजारांची तूट. जानेवारीत ‘नको’ म्हणणारे सगळे एका चिन्हाखाली होते. कारण चिन्हंच दोन होती. मार्चमध्ये तसं बंधन नव्हतं. दोन मुख्य पक्षांबाहेर सुमारे साडेएकवीस टक्के मतं गेली. शिवाय युनायटेड गोवन्समध्येच फूट पडून सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट असे दोन गट मैदानात होते.

म्हणजे प्रश्न बदलला होता. ‘हो की नाही’ विचारलं तर ४४ टक्के हरतात. ‘या पाचसहा जणांपैकी कोण’ असं प्रत्येक मतदारसंघात विचारलं, तर ४० टक्के जिंकतात, आणि ३०पैकी १६ जागा घेऊन जिंकतात. लोकांचं मन बदललं की नाही, हे नंतर बघू. पण मन अजिबात न बदलतासुद्धा निकाल उलटा लागू शकतो, हे आधी लक्षात घ्या.

पहिला धडा : कोणता प्रश्न विचारला होता, हाही डेटाचाच भाग आहे. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

(एक खबरदारी. जानेवारीचे वरचे आकडे फक्त गोव्याचे आहेत, मार्चचे दमण-दीव धरून. दमण-दीवची तेव्हाची लोकसंख्या ४० हजारांच्या आतली होती, त्यामुळे मुद्दा बदलत नाही. पण तुलना करताना छेद सारखा आहे का, हे दर वेळी तपासा आणि नसेल तर तसं लिहा.)

‘हेच लोक कशावरून?’

मी लगेच स्लाइड दुरुस्त केली. नवी स्लाइड अशी : “फुलाला ४४, मगोला ४०. म्हणजे फुलाचे बहुतेक मतदार मगोकडेच राहिले, थोडे गळाले.” किती सुटसुटीत! आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे माणसं सारखीच असणार.

मॅडमचा दुसरा प्रश्न : “हेच लोक कशावरून?”

इथे खरी चूक आहे आणि तिला नाव आहे. संशोधनाच्या भाषेत तिला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. समूहाच्या बेरजेवरून समूहातल्या माणसांबद्दल अनुमान काढणं. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली एका लेखात ती अशी काही दाखवली की अजूनही प्रत्येक कोर्सवर्कमध्ये तेच उदाहरण येतं. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत राज्यवार बघितलं, तर ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? नाही. माणसागणिक बघितलं तर उलटं : परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरतेचं प्रमाण जास्त होतं. ते फक्त अशा राज्यांत जाऊन राहिले होते, जिथले स्थानिक लोक जास्त साक्षर होते. राज्याच्या आकड्यानं माणसाबद्दल खोटी साक्ष दिली.

मग बेरजेवरून काहीच कळत नाही का? कळतं. पण किती कळतं, हे मोजता आलं पाहिजे. त्यासाठी १९५३ साली डंकन आणि डेव्हिस यांनी एक साधी पद्धत मांडली. तिला ‘मर्यादांची पद्धत’ म्हणू. नेमकं उत्तर मागायचं नाही. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढंच विचारायचं.

सोपं उदाहरण घ्या. वर्गात १०० मुलं. ७० जण वसतिगृहात राहतात. सहलीला ५० जणांनी नकार दिला. नकार कोणी दिला ते माहीत नाही, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. समजा बाहेर राहणाऱ्या सगळ्या ३० जणांनी नकार दिला. तरी उरलेले २० नकार कुठून आले? वसतिगृहातूनच. म्हणजे वसतिगृहातल्या किमान २० जणांनी नकार दिला, हे एकही चिठ्ठी न उघडता सिद्ध झालं.

आता ही पद्धत माझ्या दुरुस्त स्लाइडला लावा. समजा जानेवारीत आणि मार्चमध्ये तेच १०० मतदार होते. ४४.५ जणांनी फुलाला दिलं, ४०.४ जणांनी मगोला. दोन्हीकडे असलेले किमान किती? ४४.५ अधिक ४०.४ ही बेरीज १००च्या आत आहे. म्हणून किमान : शून्य. आणि जास्तीत जास्त? सगळे ४०.४. म्हणजे निव्वळ बेरजेच्या जोरावर मी असंही म्हणू शकते की मगोच्या प्रत्येक मतदारानं जानेवारीत फुलाला मत दिलं होतं, आणि असंही म्हणू शकते की एकानंही दिलं नव्हतं. दुसरं विधान उघडच हास्यास्पद आहे, ते आपल्याला गोव्याच्या राजकारणाबद्दल जे माहीत आहे त्यामुळे. पण आकडे त्याला अडवत नाहीत. माझ्या स्लाइडचं वजन आकड्यांमुळे नव्हतं; ते माझ्या समजुतीमुळे होतं. आकडे फक्त सजावटीला होते.

दुसरा धडा : आकडा सिद्ध करतोय की फक्त सोबत करतोय, हे ओळखायला शिका.

जिथे आकडे खरंच बोलतात

आता हीच पद्धत दुसऱ्या दाव्याला लावू. हा दावा माझ्या घरातला आहे, म्हणून मला तो जास्त टोचतो.

माझं घर सावंतवाडी तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीला लागून. आजीचं माहेर पेडण्याचं. आमच्याकडे १९६७ची गोष्ट निघाली की एक वाक्य ठरलेलं असायचं : “ख्रिस्ती लोकांनी एकगठ्ठा मतं टाकली, म्हणून विलीनीकरण पडलं.” लहानपणापासून ऐकलेलं. इतकं ऐकलेलं की ते तपासायचं असतं, हेच कधी सुचलं नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, मतदानाच्या आकडेवारीवर पीएच.डी. करायला घेतली, तरी सुचलं नाही.

तपासू. १९६०च्या आसपास गोव्याच्या सुमारे सहा लाख लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे ३८ टक्के होते. उरलेले ६२ टक्के, बहुतेक हिंदू. मतदारयादीतही साधारण हेच प्रमाण होतं, असं गृहीत धरू. (हे गृहीतक आहे. मी ते लिहून ठेवते, तुम्हीही ठेवा.)

आता घरातला दावा जितका ताणता येईल तितका ताणू. झाडून सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांना मत दिलं. एकही फुलाला नाही. तर दोन पानांची ३८ मतं तिथून आली. पण दोन पानांना मिळाली वैध मतांच्या ५५.५ टक्के. मग उरलेली १७.५ कोणाची? ६२ टक्क्यांमधलीच. १७.५ भागिले ६२ म्हणजे २८ टक्के. दावा पूर्ण ताणला तरी दर चार बिगर-ख्रिस्ती मतदारांपैकी एकाहून अधिक जणांनी विलीनीकरणाविरुद्ध मत दिलं!

“पण ख्रिस्ती मतदारांनी जास्त संख्येनं मतदान केलं असेल,” असं तुम्ही म्हणाल. म्हणायलाच हवं, संशोधकानं स्वतःच्या उत्तराशी भांडायला हवं. ठीक. त्यांचं मतदान ९० टक्के झालं असं धरा. एकूण ८२ टक्के जुळायचं तर इतरांचं साधारण ७७ टक्के होईल. गणित पुन्हा करा : इतरांपैकी किमान साडेतेवीस टक्के विलीनीकरणाविरुद्ध. आणखी ताणा. ख्रिस्ती मतदान पूर्ण १०० टक्के, आजारी-म्हातारं कोणी घरी राहिलं नाही, आणि सगळं दोन पानांना. असं प्रत्यक्षात कुठेच होत नाही. तरीही इतरांपैकी किमान १७ टक्के, म्हणजे दर सहा जणांत एक, दोन पानांकडे.

आणि ही किमान मर्यादा आहे. जितके ख्रिस्ती मतदार फुलाकडे गेले असतील, तितका हा आकडा वाढतो.

उलट बाजूनं बघितलं तर हिशोब आणखी सोपा. सगळे ख्रिस्ती एका बाजूला आणि सगळे इतर दुसऱ्या बाजूला असते, तर ६२ विरुद्ध ३८नं विलीनीकरण जिंकलं असतं. ते हरलं. म्हणजे ती रेषा धर्माची रेषा नव्हती, किंवा निदान नुसती धर्माची नव्हती. रेंदेराचा धंदा, नोकरीची काळजी, कोंकणी, राष्ट्रमतमधलं रोजचं सदर, यांतलं काहीतरी, किंवा सगळंच, हिंदू घरांतही पोचलं होतं. त्यातलं नेमकं काय आणि किती, हे या गणितानं कळत नाही. पण घरातलं ते वाक्य या गणितापुढे टिकत नाही, एवढं नक्की कळतं.

बघा, पद्धत तीच. मगोच्या मतदारांबद्दल तिनं काहीच सांगितलं नाही : शून्य ते शंभर. धर्माबद्दल तिनं ठाम सांगितलं. म्हणून ‘इकॉलॉजिकल फॅलसी आहे, बेरजेवरून काही बोलूच नका’ असं म्हणणंही आळशीपणाचं आहे. मर्यादा काढून बघा. कधी त्या रुंद निघतात, कधी इतक्या अरुंद की त्यातून एखादी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत निसटू शकत नाही. पुढे गॅरी किंग यांनी १९९७ साली या मर्यादांना संभाव्यतेची जोड देणारी पद्धत मांडली. तिच्यावर वादही झाले. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मग भाऊसाहेबांचं काय?

सुरुवातीचं वाक्य आठवतंय? “लोकांना भाऊसाहेब हवे होते, विलीनीकरण नको होतं.” ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. दोन बेरजा त्याचा पुरावा नाहीत, एवढंच म्हणतेय. मग पुरावा कुठे शोधायचा? जिथे दावा खोटा ठरण्याची संधी असेल तिथे.

विचार करा. मगो म्हणजे फक्त विलीनीकरण, असं असतं तर जानेवारी १९६७नंतर त्या पक्षाला जगायचं कारणच उरलं नसतं. तो मार्चमध्ये जिंकला, ते एक वेळ मतविभागणीमुळे म्हणू. पण १९७२ साली पुन्हा निवडणूक झाली. विलीनीकरणाचा प्रश्न तोवर मिटल्यात जमा होता. आता बांदोडकर खरोखर पदावर असताना लढत होते. मगोच्या जागा १६वरून १८ झाल्या, युनायटेड गोवन्सच्या १२वरून १० झाल्या. ऑगस्ट १९७३मध्ये बांदोडकरांचं निधन झालं, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७७मध्येही मगो ३०पैकी १५ जागा घेऊन सत्तेत राहिला. मूळ मागणी गेली, नंतर संस्थापकही गेला, तरी पक्ष दशकभर टिकला. म्हणजे त्याला मिळणाऱ्या मतांत विलीनीकरणाखेरीज दुसरं काहीतरी होतंच.

ते दुसरं काय, याचे धागे कागदोपत्री सापडतात. १९६४चा कूळ कायदा, ज्यानं कसणाऱ्याला संरक्षण दिलं. गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा. ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती, तिथे ती आली. हे धागे ओढायचे तर बेरजा बाजूला ठेवून शाळांच्या नोंदी, कुळांचे दावे, मतदारसंघनिहाय निकाल, आणि तेव्हाची माणसं यांच्याकडे जावं लागतं. पण मार्चच्या निकालात या कामाचा वाटा किती आणि विरोधकांच्या फुटीचा किती, हे सांगताना मी आता हिरवा बाण काढणार नाही.

शेवटी आजी

तेव्हाची माणसं म्हटलं, म्हणून सांगते. मागच्या मे महिन्यात गावी गेले होते. आजीचं लग्न १९६८चं, म्हणजे कौलाच्या वेळी ती पेडण्यातच होती. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं आणि तिला २३ पूर्ण झालेली. इतकी वर्षं मी तिच्या तोंडून घरातलं ते वाक्य ऐकत होते, पण तिला तिच्या स्वतःच्या मताबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

मी वही काढून सगळं गणित तिला समजावलं. ६२, ३८, १७.५. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. फणसाचे गरे काढणं चालूच होतं. मग मी विचारलं, “आजी, तू मत दिलेलंस? कोणाला?”

“मत दिलंय,” ती म्हणाली. “पण कोणाक, ता तुका कित्याक होया?”

मी खूप गळ घातली. नाहीच सांगितलं. थोड्या वेळानं आपणहून एवढंच म्हणाली की तिच्या धाकट्या बहिणीला भाऊसाहेबांच्या काळातल्या शाळेत लिहा-वाचायला आलं, तिला स्वतःला ते उशिरा आलं. आणि मग आणखी थोड्या वेळानं, गऱ्यांची परात माझ्याकडे सरकवत : “सगळ्यांनी येकच केल्यानी, असा काय नव्हता.”

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तारीख घातली. समोर लिहिलं : एक मुलाखत, नमुना नाही.

जाता जाता तुमच्यासाठी एक गृहपाठ. तुमच्या घरात किंवा गावात एखाद्या जुन्या निवडणुकीबद्दल असंच एक ठरलेलं वाक्य असेल, ‘अमक्यांनी एकगठ्ठा मतं टाकली म्हणून’ अशा धाटणीचं. त्या निवडणुकीचे आकडे निवडणूक आयोगाच्या अहवालात मिळतील, लोकसंख्येचं प्रमाण जनगणनेत. कागद घ्या, दावा शक्य तितका ताणा आणि किमान मर्यादा काढा. ती शून्य निघाली तर आकडे गप्प आहेत, असं लिहा. शून्याच्या वर निघाली तर ते वाक्य घरात पुन्हा निघेल तेव्हा काय बोलायचं, ते तुम्हाला माहीत असेल.